पाण्यावर उजळलेलं घर : विल्यम आर्मस्ट्राँग आणि क्रॅगसाइड

संध्याकाळी घरात आल्यावर दिवा लावायला आपल्याला किती वेळ लागतो? बटण दाबलं की झालं. पण आता अशी कल्पना करा, की भिंतीवर बटणच नाही. टेबलावर तांब्याची, मीनाकाम केलेली एक सुंदर फुलदाणी आहे. तिच्या डोक्यावर काचेचा एक गोळा लख्ख पेटलेला आहे. दिवा विझवायचा असेल तर अख्खी फुलदाणीच उचलायची! कारण खालच्या छोट्याशा भांड्यात पारा आहे. फुलदाणी पाऱ्यात टेकलेली असली की वीज वर चढते, उचलली की वाट तुटते आणि दिवा जातो. (हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही. पारा विषारी असतो.)

हे दिवे १८८० साली इंग्लंडमधल्या एका घराच्या वाचनखोलीत लागले. घराचं नाव क्रॅगसाइड. इंग्लंडच्या अगदी उत्तरेला नॉर्थम्बरलँड नावाचा परगणा आहे. तिथल्या रॉथबरी गावाजवळच्या खडकाळ डोंगरावर हे घर उभं आहे. पाण्याच्या शक्तीवर तयार केलेल्या विजेने उजळलेलं जगातलं पहिलं घर म्हणून ते ओळखलं जातं. आज आपण हे घर बांधणाऱ्या माणसाची, विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग यांची ओळख करून घेणार आहोत. गोष्ट सरळ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

विल्यमचा जन्म २६ नोव्हेंबर १८१० रोजी न्यूकॅसल शहरात झाला. वडील धान्याचे व्यापारी, पुढे ते शहराचे महापौरही झाले. मुलगा मात्र तब्येतीने नाजूक. सतत खोकला, सतत अंथरूण. कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरातून त्याला हवापालटासाठी रॉथबरीला नेत. तिथे कॉकेट नावाची नदी आहे. त्या नदीत पाय सोडून बसायचं, गळ टाकायचा, खडकांवर चढायचं, हेच त्याचं औषध. मासेमारीचा नाद त्याला तेव्हापासून लागला आणि तो कायमचा. हा नाद लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच निघते.

मुलाला यंत्रांची आवड होती, पण वडिलांनी ठरवलं की हा वकील होणार. वडिलांचे एक जवळचे मित्र वकील होते, आर्मोरर डॉनकिन. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या हाताखाली विल्यम शिकला, लंडनला जाऊन कायद्याचा अभ्यास करून आला आणि त्यांचाच भागीदार झाला. १८३५ मध्ये मार्गारेट रॅमशॉ हिच्याशी त्याचं लग्न झालं. म्हणजे तिशीच्या आत नोकरीधंदा, बायको, समाजात मान, सगळं जागेवर. आपल्याकडे अशा मुलाला लोक म्हणतील, आता काय, स्थिरस्थावर झाला!

पण सुट्टीत एकदा डोंगरातल्या एका ओढ्यावर मासे पकडत असताना त्यांची नजर एका पाणचक्कीवर गेली. दगडाच्या खाणीला शक्ती पुरवणारं ते लाकडी चाक होतं. ओढा डोंगरावरून केवढा तरी खाली कोसळत होता, पण चाक वापरत होतं ते त्यातल्या एवढ्याशाच उताराचं पाणी. बाकी सगळी शक्ती नुसती वाहून जात होती. या गोष्टीने त्यांना इतकं पछाडलं, की दिवसा कोर्टाची कागदपत्रं आणि रात्री पाण्याच्या यंत्राचे आराखडे असं वर्षानुवर्षं सुरू राहिलं.

इथे थोडा विज्ञानाचा तास घेऊ. प्लॅस्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडा आणि ती काठोकाठ पाणी भरून टेबलाच्या कडेवर ठेवा. सर्वांत खालच्या भोकातली धार सगळ्यात जोरात सुटते. पाण्याचा साठा जितका उंच, तितका खालचा दाब जास्त. हाच दाब बंद नळातून खाली आणला आणि त्याने दट्ट्या ढकलला, तर उघड्या चाकापेक्षा कितीतरी जास्त काम होईल, हा आर्मस्ट्राँग यांचा विचार. आमच्या शाळेत मी हा प्रयोग दर वर्षी घेते. पोरं भिजतात, पण दाब म्हणजे काय ते पुन्हा शिकवावं लागत नाही.

त्यांचं पहिलं यंत्र फारसं कोणी विचारलं नाही. मग त्यांनी यंत्र न विकता एक काम शोधलं. न्यूकॅसलला दूरच्या तलावातून नळाने पाणी आणायची योजना १८४५ मध्ये सुरू झाली. ते तलाव उंचावर होते, त्यामुळे शहराच्या सखल भागात नळांना भरपूर दाब होता. आर्मस्ट्राँग यांनी तो दाब बंदराच्या धक्क्यावरच्या क्रेनला जोडला. माणसांनी हाताने फिरवायची क्रेन पाण्याच्या जोरावर चालू लागली आणि जहाजं भराभर रिकामी होऊ लागली. १८४७ मध्ये त्यांनी वकिली सोडली आणि न्यूकॅसलजवळ एल्सविक इथे टाईन नदीच्या काठी कारखाना काढला. वय छत्तीस.

जिथे उंच तलाव नाही तिथे काय? आधी उंच मनोरा बांधून त्यावर टाकी ठेवली जाई. ग्रिम्सबी बंदरातला असा मनोरा जवळपास ९४ मीटर उंच आहे आणि तो आजही उभा आहे. पण दुसऱ्या एका ठिकाणी जमीन इतकी वाळूची निघाली, की मनोरा उभाच राहिला नसता. तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी मनोऱ्याऐवजी एक जाड उभं नळकांडं घेतलं, त्यात दट्ट्या बसवला आणि दट्ट्यावर प्रचंड वजन ठेवलं. पंपाने पाणी आत भरत गेलं की वजन वर उचललं जातं, आणि हवं तेव्हा तेच वजन पाण्याला दाबून बाहेर ढकलतं. शक्ती साठवून ठेवायची अशी ही युक्ती. पुढे लंडनचा टॉवर ब्रिज (१८९४) उचलणारी यंत्रणाही याच कारखान्याने पुरवली.

इथपर्यंतची गोष्ट मुलांना सांगायला फार सोपी आहे. आता अवघड भाग.

१८५४ मध्ये क्रिमियात इंग्लंड आणि रशिया यांचं युद्ध चालू होतं. चिखलातून जड तोफा ओढता ओढता सैनिकांचा जीव जात होता, अशा बातम्या रोज वर्तमानपत्रांत येत होत्या. आर्मस्ट्राँग यांनी त्या वाचल्या आणि ठरवलं की हलकी, पण लांब आणि नेमका मारा करणारी तोफ बनवायची. त्यांनी लोखंडाच्या पट्ट्या तापवून नळीभोवती गुंडाळल्या, नळीच्या आतून मळसूत्रासारख्या खाचा पाडल्या म्हणजे गोळा गिरक्या घेत सरळ जाईल, आणि गोळा तोंडाऐवजी मागच्या बाजूने भरायची सोय केली. चाचण्यांत ही तोफ जुन्या तोफांपेक्षा कितीतरी सरस ठरली. त्यांनी तिचे पेटंट हक्क सरकारला देऊन टाकले. १८५९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि तोफांचे मुख्य अभियंता म्हणून सरकारी नेमणूकही झाली.

आता १८६३ हे एकच वर्ष बघा. मला हे वर्ष फार विचित्र वाटतं.

त्या वर्षीच्या सुरुवातीला सरकारी अधिकाऱ्यांशी खटके उडून त्यांनी ते पद सोडलं. ऑगस्टमध्ये इंग्रजी आरमाराने जपानमधल्या कागोशिमा शहरावर तोफा डागल्या. त्यांत आर्मस्ट्राँग तोफाही होत्या. त्यांतल्या काही ऐन वेळी बिघडल्या आणि चालवणाऱ्यांनाच इजा झाली, पण शहराचा मोठा भाग जळून खाक झाला. त्याच ऑगस्ट महिन्यात न्यूकॅसलमध्ये शास्त्रज्ञांची मोठी सभा भरली होती आणि अध्यक्ष होते आर्मस्ट्राँग. त्यांनी तिथे सांगितलं, की इंग्लंडचा कोळसा फार काळ पुरणार नाही, दोनशे वर्षांच्या आत तो संपेल आणि आपण तो उधळतो आहोत. कोळशाच्या शहरात, कोळशावर श्रीमंत झालेल्या लोकांसमोर हे बोलायला धाडस लागतं. आणि त्याच वर्षी ते बऱ्याच काळाने रॉथबरीला गेले, लहानपणीचे ते खडक आणि ती नदी पुन्हा पाहिली आणि डेब्डन ओढ्याच्या दरीत जमीन घेतली.

तेव्हा विचार होता तो सुट्टीत मासेमारीला येण्यापुरत्या लहान दुमजली घराचा. तेवढंच बांधलं गेलं. पण तोफांचा धंदा आता वेगळ्या वाटेला लागला होता. इंग्रज सरकारने पुन्हा जुन्या पद्धतीच्या तोफा घ्यायचं ठरवल्यावर एल्सविकचा कारखाना बाहेरच्या देशांना शस्त्रं विकू लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तर दोन्ही बाजूंना. पैसा येत गेला आणि घर वाढत गेलं.

१८६९ मध्ये त्यांनी रिचर्ड नॉर्मन शॉ या तरुण वास्तुविशारदाला बोलावलं. असं सांगतात, की घरातले पाहुणे एक दिवस शिकारीला गेले आणि शॉ मागे राहिला. मंडळी संध्याकाळी परतली तेव्हा भावी घराचं संपूर्ण चित्र कागदावर तयार होतं. प्रत्यक्ष बांधकाम मात्र पुढे पंधरा वर्षं चाललं, तेही तुकड्यातुकड्याने, आधी उभ्या असलेल्या घराला धरून.

चित्रात पाहिलं तर हे घर एकाच माणसाने बांधलंय असं वाटतच नाही. एकीकडे दगडी बुरूज, दुसरीकडे काळ्या लाकडी चौकटी आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या भिंती, वर उतरती छपरं, आणि या सगळ्याच्या वर ताडासारखी उंच धुराडी. आपल्याकडचा वाडा कसा चौकाभोवती शिस्तीत बसतो! इथे तसं काही नाही. डोंगराने जिथे जागा दिली तिथे खोली सरकली. घराचा दगड तिथलाच, त्यामुळे खडक कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते पटकन कळत नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळात नवश्रीमंत लोकांना आपलं घर शेकडो वर्षं जुनं दिसावं अशी हौस होती. शॉने ती हौस पुरवली. पण गंमत अशी, की बाहेरून चारशे वर्षं जुनं वाटणारं हे घर आतून त्या काळातल्या इंग्लंडमधलं सगळ्यात नवं घर होतं.

आत काय काय होतं? पाण्याच्या दाबावर वरखाली जाणारी लिफ्ट. तिच्यातून नोकर वरच्या मजल्यांवर कोळसा नेत, नाहीतर त्या कोळशाच्या बादल्या जिने चढून न्यायला लागायच्या. स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई पाण्याच्या जोरावर आपोआप फिरे. वाचनखोलीच्या खाली वाफेचं स्नानगृह होतं. गरम हवेने खोल्या उबदार ठेवायची सोय होती, एका खोलीतून दुसरीकडे बोलायला टेलिफोन होता. डोंगरावरच्या या घराला पाणी पुरवायला खाली ओढ्याजवळ पंपघर होतं. तिथे वाहत्या पाण्याच्याच जोरावर पाणी वर चढवलं जाई. पाण्यानेच पाणी उचलायचं! पाहुण्यांच्या एका दालनात पलंगाच्या खांबांवर कोरलेली घुबडं बसली आहेत. जेवणघरातल्या दगडी शेकोटीवर शब्द कोरले आहेत, पूर्वेला जा की पश्चिमेला, आपलं घर ते आपलं घर, अशा अर्थाचे. एका चित्रकाराने आर्मस्ट्राँग यांना याच शेकोटीपाशी कुत्र्यांबरोबर निवांत बसलेलं रंगवलं आहे. चित्र बघून कोणाला वाटणार नाही, की हा तोफांचा कारखानदार आहे.

आणि वीज. १८७८ मध्ये घरातल्या चित्रदालनात पहिला विजेचा दिवा लागला. तो कमानी दिवा, म्हणजे कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी उडत राहते तसला. उजेड भगभगीत आणि डोळ्याला बोचणारा. बांध घालून केलेल्या तलावातलं पाणी टर्बाइनवर सोडायचं, टर्बाइनने डायनामो फिरवायचा आणि तारेने वीज घरापर्यंत आणायची अशी व्यवस्था. त्याच सुमारास त्यांचे मित्र जोसेफ स्वान यांनी काचेच्या गोळ्यातली हवा काढून आत बारीक तंतू पेटवण्यात यश मिळवलं. तोच आपला बल्ब. हे बल्ब घरभर बसवायचं आर्मस्ट्राँग यांनी ठरवलं आणि सुरुवातीला सांगितलेल्या त्या फुलदाण्या वाचनखोलीत आल्या. आपली पहिली नीटस मांडणी इथेच झाली, असं स्वान यांनीही मानलं. पुढे १८८६ मध्ये शंभर मीटरहून जास्त उंचीवरच्या तलावांतून पाणी खाली आणून नवं वीजघर बांधलं. आपल्याकडे खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. तिथलं तत्त्वही हेच, डोंगरावरचं पाणी नळातून खाली.

घराभोवती आधी उघडे, वैराण डोंगर होते. तिथे आर्मस्ट्राँग पतिपत्नींनी सत्तर लाखांहून अधिक झाडंझुडपं लावली, पाच तलाव केले, कित्येक मैलांचे रस्ते काढले, आणि दरीवर एल्सविकला घडवलेला लोखंडी पूल टाकला. घराखालच्या उतारावर दगडांची केवढी मोठी बाग! बागांची हौस मार्गारेटबाईंना जास्त होती. त्यांना मूल झालं नाही.

१८८४ च्या ऑगस्टमध्ये राजपुत्र, त्यांच्या पत्नी आणि पाच मुलं पाहुणे म्हणून आली. त्या भेटीच्या निमित्ताने शॉने नवा दिवाणखाना पूर्ण केला. तिथली संगमरवरी शेकोटी दहा टन वजनाची आहे, आणि ती ठेवली आहे डोंगराच्या पोटाला टेकून! बाहेर बागेत दहा हजार छोटे काचेचे दिवे लावले होते. नंतरही इराणचा शाह, सयामचा राजा असे पाहुणे येत राहिले. ते काही फक्त बाग बघायला येत नव्हते. एल्सविकला आता युद्धनौकाही बांधल्या जात होत्या. ज्या जपानवर एकेकाळी त्यांच्या तोफा चालल्या, तोच जपान आता मोठा गिऱ्हाईक झाला होता.

मी हा धडा वर्गात घेतला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बाई, मग तो माणूस चांगला की वाईट? मला चटकन उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. आर्मस्ट्राँग यांचं स्वतःचं म्हणणं असं होतं, की अभियंत्याचं काम निसर्गाची शक्ती माणसाच्या हाती देणं, ती कशी वापरायची ही जबाबदारी देशाची. मला हे पटत नाही. दोन्ही बाजूंना तोफा विकणाऱ्याला ही पळवाट कशी पुरेल? आणि आणखी एक. १८७१ मध्ये न्यूकॅसलच्या कामगारांनी रोज नऊ तास कामाची मागणी करून संप केला, तेव्हा मालकांचं नेतृत्व याच घरधन्याने केलं. परदेशातून माणसं आणून संप मोडायचा प्रयत्न केला. पाच महिन्यांनी मालकांना नमावं लागलं. घरी पाण्याने सळई फिरते, आणि कारखान्यात नऊ तासांसाठी भांडावं लागतं, हे त्याच वर्गातल्या मुलांना मी सांगितलं.

पण त्याच माणसाने शहराजवळची आपली जेस्मंड डीन ही हिरवीगार दरी १८८३ मध्ये न्यूकॅसलच्या लोकांना देऊन टाकली. तिथे आजही लोक फिरायला जातात. शहरात विज्ञानाचं महाविद्यालय उभं राहावं म्हणून त्यांनी पाठबळ दिलं, त्यातून पुढे विद्यापीठ झालं. आणि आपण राहतो त्या उष्ण कटिबंधाबद्दल तर त्यांनी एका भाषणात हिशोब मांडला होता, की तिथल्या एक एकर जमिनीवर पडणारं ऊन रोज जवळपास नऊ तास चार हजार घोड्यांइतकी शक्ती देऊ शकेल. हे एकोणिसाव्या शतकातलं बोलणं आहे. छतावरचे सौर पत्रे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

१८८७ मध्ये त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली. १८९३ मध्ये मार्गारेटबाई गेल्या. त्यानंतर त्यांनी समुद्रकाठचा बॅमबर्गचा जुना किल्ला विकत घेऊन दुरुस्तीला काढला, आणि म्हातारपणी विजेचे प्रयोग करून त्यांच्या छायाचित्रांचं एक पुस्तकही १८९७ मध्ये छापलं. २७ डिसेंबर १९०० रोजी, नव्वदाव्या वर्षी, क्रॅगसाइडमध्येच त्यांचं निधन झालं. राणी व्हिक्टोरिया त्यानंतर महिन्याभराने गेली. लहानपणी खोकला बरा व्हावा म्हणून ज्या रॉथबरीला त्यांना आणत, तिथेच पत्नीशेजारी त्यांना पुरलं आहे.

घर बहिणीच्या नातवाकडे गेलं. १९१० मध्ये चांगली चांगली चित्रं विकली गेली. अखेर १९७७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने घर ताब्यात घेतलं आणि दोन वर्षांनी ते सर्वांना बघायला खुलं झालं. २०१४ मध्ये तिथल्या टंबल्टन तलावाच्या कडेला सतरा मीटर लांबीचा एक मोठा लोखंडी मळसूत्री स्क्रू बसवला. तलावातलं पाणी त्यातून घरंगळत खाली ओढ्यात जातं, जाताना स्क्रू फिरवतं, आणि त्या विजेवर घरातले दिवे पुन्हा लागतात.